बाटलीवरचा काळा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना, म्हणजे आप्पांना नाही – आप्पा तर आता राहिलेही नाहीत. नोकरीत एकतीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या मित्रालाही कळू दिलं नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक तोंड उघडतंय. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे बोलायची माझी छाती नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट बेडकाच्या कातडीची आहे. हसा, हसा. मलाही कुणी असं सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. येळ्ळूरच्या शेतकऱ्याचा पोरगा बेळगावात जाऊन बेडकाची कातडी सोलतो, हे ऐकून आमच्या गल्लीत आठवडाभर चेष्टा चाललेली. ‘येवढं शिकून काय करूलास रं? बेडकं धरूलास व्हय?’ आमच्या भाताच्या खाचरांत फुकट मिळतात की, असं वर आणि.

पण ते दिवस – काय सांगू तुम्हाला! सत्तरचं दशक सरत आलेलं. कॉलेजच्या मागच्या अंगाला, कौलारू बैठ्या इमारतीत आमची प्रयोगशाळा. बाहेर सिमेंटचा हौद, त्यात बेडूक. सकाळी सायकल लावली की आधी हौदावरची जाळी उचलून बघायचं, कोण मेलंय, कोण पळालंय. आत शिरलं की फॉर्मॅलिनचा वास आणि त्यात मिसळलेला स्टोव्हवरच्या चहाचा वास. आमचे सर धारवाडकडचे. मराठी बोलायचे ते कानडी हेल काढून, पण बोलायचे मात्र हौसेनं. सरांच्या हाताखाली आम्ही दोघंच संशोधन करणारे – मी आणि सुमन.

सुमन निपाणीची. तिची आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची, वडील तिथंच हमाली करायचे. त्यांच्या वस्तीतली एम.एस्सी. झालेली ती पहिली पोरगी. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली हिच्या पुस्तकांची फळी, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. तिला शिष्यवृत्ती होती, मलाही होती. दोघांची भाषा एक, दोघं सारख्याच वयाचे. मी तिला ‘सुमन’ म्हणायचो, ती मला ‘अशोक’. रागावली की ‘अशोकराव’.

तिचे हात. इथं थोडं थांबतो – कारण सगळं त्या हातांचंच आहे. बेडकाच्या पोटाची कातडी सोलायची म्हणजे कांद्याच्या पातीचा पापुद्रा काढण्यासारखं काम. जरा ओढली की फाटली. माझी दहातली चार फाटायची. तिची एकही नाही. अख्खी, ओली, काचेसारखी कातडी ती चिमट्यावर उचलायची, दोन डब्यांच्या मध्ये ताणून बसवायची, दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी भरायची. तारा जोडल्या की कागदाच्या गुंडाळीवर सुई सरकू लागायची. कातडी जिवंत असते बरं का! बेडकापासून वेगळी झाली तरी तासन्‌तास पाण्यातलं मीठ इकडून तिकडं ओढत राहते, आणि त्या ओढण्याची वीज आम्ही मोजायचो.

तुम्हाला शास्त्रातलं फार सांगत नाही, पण एवढं ऐका. त्या कातडीतल्या पेशीला मीठ आत घ्यायला बारीक दारं असतात. ती दारं फक्त बाहेरच्या अंगाला. आत आलेलं मीठ पुढं शरीरात ढकलणारे पंप फक्त आतल्या अंगाला. उलटसुलट झालं तर बेडकाचं मीठ पाण्यात वाहून जाईल, बेडूक मरेल. आणि ही दारं बनतात कुठं? पेशीच्या पोटात. मग बनलेलं दार नेमकं बाहेरच्याच अंगाला कसं पोचतं? पंप नेमका आतल्याच अंगाला कसा जातो?

हा प्रश्न सुमनचा. माझा नाही. माझ्या डोक्यात तो आलाच नसता, मी आपला सुई बघून आकडे लिहिणारा. ती मात्र चहाचा कप हातात धरून तासभर बोलायची. ‘संकेश्वरच्या एस्टीला पाटी तरी असतीया. हितं पाटी कोण लावतंय? आणि वाचतंय कोण, सांग की!’ तिचं म्हणणं, पेशीच्या आत रस्ते असणार. बारीक नळ्यांचे रस्ते. त्यांवरून माल जात असणार. रस्ते मोडले तर दारं पोचणार नाहीत.

रस्ते मोडायचं औषध होतं – कोल्चिसिन. आपल्या लोंढ्याकडच्या जंगलात कळलावी फुलते ना, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी? तिच्या कंदातलं विष ते. औषधाची भुकटी सरांनी ओळखीतून, महिने महिने वाट बघून मिळवली होती. एवढीशी कुपी. सगळी एकदमच विरघळवून एका बाटलीत भरली, कारण इतकी थोडी भुकटी पुन्हा पुन्हा तोलायला आमचा तराजू भरवशाचा नव्हता. द्रावणं करणं, जपणं हे काम माझं. कुपीवर इंग्रजीत लिहिलं होतं – उजेडापासून जपा. ते मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, हे विसरू नका. मी विसरलेलो नाही. ऊन लागलं की ते औषध बदलतं. दिसायला तसंच राहतं, पण रस्ते मोडायची ताकद जाते.

तपकिरी बाटल्या आमच्याकडे नसायच्या. आमची रीत अशी – एक्स-रेच्या फिल्मच्या पाकिटात जाड काळा कागद येतो, तो जपून ठेवायचा आणि उजेडाला नाजूक असलेल्या बाटल्यांना गुंडाळायचा, वर सुतळी. सगळ्या प्रयोगशाळेत असंच चालायचं.

सुमननं अकरा कातड्या केल्या. मेंदूखालच्या ग्रंथीतलं एक संप्रेरक पाण्यात टाकलं की साध्या कातडीत सुई सरसर चढते – म्हणजे बाहेरच्या अंगाला दारं वाढतात. पण सकाळपासून कोल्चिसिनमध्ये भिजवलेल्या कातडीत? सुई जेमतेम हलायची. अकराच्या अकरा वेळा. परदेशात कुणी कुणी असलं काही म्हणू लागले होते, असं सर सांगायचे. पण आमच्या डोळ्यांसमोर, आमच्या हौदातल्या बेडकात ते दाखवलं सुमननं. त्या दिवशी तिनं निपाणीहून आणलेली तिळाची चटणी आणि भाकरी आम्ही तिघांनी टेबलावर बसून खाल्ली. सरांनी दोनदा मागून घेतली. इतका आनंद त्या खोलीनं पुन्हा कधी बघितला नाही. सर म्हणाले, दिवाळीनंतर माझ्यासमोर तीन कातड्या करून दाखव, मग निबंध पाठवू.

आणि मला? मला आनंद झाला होता का? झाला होता. थोडा झाला होता. पण कॉलेजात लेक्चररची एकच जागा निघणार होती, आणि ती कुणाला मिळणार हे त्या भाकरीबरोबरच मला कळलेलं. घास गोड लागला नाही, असं म्हणू या.

आता येतो मूळ गोष्टीवर. टाळत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमच्या भागात एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. राज्यांच्या वाटणीत आम्ही इकडं, कर्नाटकात राहिलो, त्याचा निषेध. छातीवर काळी फीत लावायची, दुकानं बंद, फेरी काढायची. येळ्ळूरमध्ये तर विचारू नका, पाळण्यातल्या पोरालाही फीत लावतील. त्या वर्षी फिती कुणी आणायच्या यावर पारावर बोलणं चाललेलं, आणि मी – बेडकं धरणारा म्हणून ज्याची टर उडवायचे तो मी – छाती काढून म्हटलं, ‘फिती माझ्याकडं लागल्या! कॉलेजात काळा कागद लई हाय. पावसात भिजत न्हाय, फाटत न्हाय.’ लोकांनी पाठ थोपटली. त्या थापेचा आवाज अजून कानात आहे.

दिवाळीच्या सुट्टीचा आदला दिवस. सुमन दुपारच्याच गाडीनं निपाणीला गेलेली. सर घरी. मी खणातले काळे कागद गोळा केले. कमी पडले. मग बाटल्यांचे काढायला लागलो. एक, दोन, तीन. त्यात ती बाटलीही. फळी खिडकीखालची, खिडकी पश्चिमेची. मला दिसलं नाही का? दिसलं. डोक्यात आलं नाही का? आलं. ‘सुट्टी संपली की पहिल्यांदा नवा कागद लावू, तेवढ्यानं काय होतंय!’ एवढं म्हणालो स्वतःशी, आणि सुतळी सोडली.

त्या एका कागदातून होऊन होऊन आठ फिती झाल्या. आठ.

दहा दिवसांनी आलो तेव्हा बाटली तशीच उघडी, संध्याकाळचं ऊन तिच्यातून टेबलावर पडलेलं. रंगात काही फरक दिसेना. मी नवा कागद गुंडाळला, सुतळी बांधली, गाठसुद्धा सुमन मारते तशी मारली. म्हणजे मला माहीत होतं. गाठ कशी मारायची इतका विचार करणाऱ्याला सगळं माहीत असतं.

तेव्हाच सांगता आलं असतं. सर, बाटली उघडी राहिली, नवं औषध मागवू या. एक वाक्य. सहा महिने थांबावं लागलं असतं, बस. पण सर विचारणार, कागद कुठं गेला? आणि मी सांगणार काय – तुमच्या कॉलेजच्या कागदाच्या फिती करून तुमच्या सरकारचा निषेध केला? शिष्यवृत्ती जाईल, बाहेर काढतील, पोलिसांत नाव जाईल. असं मी मनाला सांगितलं. मनाला ते पटलंही.

तीन दिवस, तीन कातड्या. सर खुर्ची ओढून बसलेले. पहिली कातडी सुमननं सकाळपासून औषधात भिजवलेली. दुपारी संप्रेरक टाकलं आणि सुई चढली. सरसर चढली, जणू औषध नव्हतंच. ती म्हणाली, एखादी होते अशी. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सुई चढायला लागली तेव्हा तिच्या कपाळावर घाम, आणि तिनं पदरानं तो पुसला नाही, कारण हात ओले होते.

आता खरं सांगू? सुई चढताना बघून मला एक क्षण बरं वाटलं. भीती नंतर आली. आधी बरं वाटलं. हेच मला सांगायचं होतं बहुतेक. बाकीचं सगळं याच्या भोवतीनं चाललंय.

तिनं बाटली हातात घेतली. कागद बघितला, गाठ बघितली. सरांच्या समोरच मला विचारलं, ‘अशोक, सुट्टीत बाटली उघडी राहिलती काय रं?’ तिच्या आवाजात आळ नव्हता. मी हो म्हणावं, अशी आशा होती तेवढी. हो म्हणालो असतो तर ती हसली असती, मी तिला ओळखतो म्हणून सांगतो – ‘गाढवा’ म्हणाली असती आणि हसली असती.

मी म्हणालो, ‘न्हाय.’

एकच शब्द. मान वर करून, तिच्या डोळ्यांत बघून.

सरांनी आवाज चढवला नाही. ‘नोडम्मा,’ म्हणाले – बघ बाई – ‘अकरा वेळा आलं, आणि माझ्यासमोर तीनदा नाही. मी काय समजायचं?’ एवढंच. खोटेपणा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण खोलीत तो उभाच होता. डिसेंबरात तिची शिष्यवृत्ती संपत होती. ती वाढवायला सरांचं पत्र लागायचं. सरांनी पत्र लिहिलं नाही. जाताना तिनं हौदावरची जाळी नीट लावली, माझ्या टेबलावर तिचा तो चांगला चिमटा ठेवला आणि म्हणाली, तुझ्यानं कातडी फाटतीया, हा वापर. लेक्चररची जागा उन्हाळ्यात मला मिळाली. आप्पांनी गावात पेढ्याऐवजी कुंदा वाटला.

पुढं सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या चहाला मी शेजारी बसलो होतो. बोलता बोलता हसून म्हणाले, ‘अशोक, तुम्ही पोरं नोव्हेंबरात माझा काळा कागद पळवायचात, मला काय माहीत नव्हतं? तुमचं दुःख तुमचं. मी फिल्मवाल्याकडून जास्तीचा मागून ठेवायला लागलो.’ म्हणजे ज्या भीतीच्या आड मी इतकी वर्षं उभा होतो, ती भीतीसुद्धा खरी नव्हती. तेव्हा तरी सांगायचं! सर समोर होते, मूडमध्ये होते, एक पत्र अजून लिहू शकले असते. मी आणखी एक बिस्कीट घेतलं.

आणि त्यानंतर वर्षभरात, ऐंशीचं दशक संपत आलेलं असेल, कोल्हापूरला निघालो होतो तर संकेश्वरच्या स्टँडवर सुमन दिसली. हातात वह्यांचा गठ्ठा. तिथल्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होती. उसाचा हंगाम, सगळीकडे गुळचट वास, ट्रॅक्टरांचा गोंगाट. ती मला बघून इतकी खूश झाली की मला पळून जावंसं वाटलं. गाडी चुकवून चहा प्यायला बसवलंच तिनं. हौद हाय का अजून? सरांची तब्येत कशी? लग्न केलास म्हणं, बोलावलं न्हाईस!

मग मी – का, ते विचारू नका, थोडं पुण्य पदरात पाडावं म्हणून असेल – म्हणालो, ‘सुमन, तू म्हणायचीस ते खरं निघालं गं. रस्ते हाईत. बाहेरच्या नियतकालिकात येतंय आता, चित्रांसकट. मी वर्गात शिकवतो.’

ती ऐकत राहिली. डोळे तसेच चमकले, पूर्वी चहाच्या वेळी चमकायचे तसे. किती प्रश्न विचारले! नळ्या कुठल्या टोकापासून वाढतात, पंप वेगळ्या रस्त्यानं जातो का? मला अर्ध्यांची उत्तरं येत नव्हती. मग तिनं कप खाली ठेवला.

‘रस्ते असतील रं,’ म्हणाली. ‘पण माझ्या हातानं ते दिसलं न्हवतं, एवढं खरं. लई दिवस मी इचार केला – औषध बिघडलं असंल, बाटली उघडी पडली असंल. पण तू समोरासमोर न्हाय म्हटलास. तू कशाला खोटं बोलशील? मग कळलं, चूक माझ्याच हाताची. ती अकरा मीच कुठंतरी मनासारखी करून घेतली असणार, मला कळायच्या आत. तवापासनं चिमटा हातात धरला न्हाय बघ. पोरांना बेडूक दाखवायचा झाला तर शिपाई कापतो.’

मी विचारलं, त्या वह्या आहेत का? अकरा कातड्यांच्या, सुईच्या कागदांसकट?

‘बंबात घातल्या,’ ती म्हणाली. ‘त्याच साली. खोटं जपून ठिवायचं कशाला?’

तिनं चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. निपाणीची गाडी लागली, ती खिडकीत बसली, हात हलवला. मीही हलवला.

मी तेव्हाही काही बोललो नाही. ती अजून निपाणीतच असते, पत्ता मला पाठ आहे. बेळगावहून दीड-दोन तासांची वाट. आणि मी हे सांगतोय ते तुम्हाला.